चार वाजून दोन मिनिटं

अंबड,
शनिवार

ती. राजानंददादास,

धाकट्या वंदनाचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी साखर (रक्तातली; स्वभावातली विचारत नाही) ताब्यात असेल असं धरून चालते. आई बरी आहे. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

मागच्या खिडकीची काच फुटली तेव्हा तू फोनवर म्हणालास, "चोराचंच काम हे. तू दिवसभर शाळेत. आईला मी भोकरदनला घेऊन जातो." आई त्या दिवशी जेवली नाही. (काच चेंडूनं फुटली होती, पण तू ऐकतोस कुठं!) म्हणून मी एक मायक्रोकंट्रोलर, बारका माइक आणि नाण्याएवढा सेल जोडून काच फुटल्याचं ओळखणारं यंत्र केलं. साबणाच्या डबीत मावतं. दिवसभर झोपतं, आवाज झाला तरच जागं होतं, त्यामुळे सेल वर्षभर पुरावा. (आपल्या घरात इतकं कमी खाणारं दुसरं कोणी नाही.) आधी जड 'धप' आणि लगेच बारीक 'खळ्', दोन्ही ऐकू आले तरच ते लाल दिवा लावतं आणि वेळ लिहून ठेवतं. चाचणीसाठी मी अंगणात लोणच्याच्या चार बरण्या फोडल्या. शेजारच्या जुबेदाभाभी धावत आल्या, "वंदनाबाई, किसके साथ झगडा?"

यंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी नोंद दिसली : चार वाजून दोन मिनिटं. काचा सगळ्या शाबूत. दुसऱ्या दिवशी चार वाजून तीन. सेल बदलला, प्रोग्राम नव्यानं लिहिला, पुन्हा चार. शनिवार-रविवार मी घरी, तर दिवा लागलाच नाही. सोमवारी बराबर चार. म्हणजे जे काही होतं, ते मी नसतानाच. आईला विचारलं तर, "मी निजलेली असते बाई, मला काय ऐकू येऊन राह्यलं?" म्हणाली आणि पदर हातावर ओढून घेतला. जुबेदाभाभींनी मात्र आवाज उतरवून सांगितलं, "चार बजे अद्रक कुटने की आवाज आती. बाबूजी थे तब जैसी, वैसीच." दादा, बाबांचा आल्याचा चहा चारचा. ते गेल्यापासून या घरात आलं कुटलेलं मी पाहिलं नाही. मी विज्ञान शिकवते, पण त्या दिवशी वर्गाकडं पाठ करून फळ्यावर लिहायला मला धीर होईना.

काल रजा टाकून मागच्या दारानं हळूच आत शिरले. धप, धप, खळ्. आई जमिनीवर बसलेली, पुढ्यात खलबत्ता, शेजारी दोन कप, आणि मनगटांत हिरव्या बांगड्या. बत्त्याची धप, बांगड्यांची खळ्. यंत्र चुकलं नव्हतं. मला पाहून ती चोरासारखी बांगड्या उतरवायला लागली. "हा आवाज न्हाई आला तर चहा चहा वाटत न्हाई ग," एवढंच बोलली.

दहाव्याला तिचे हात रिकामे केले तेव्हा तू "रीत आहे" म्हणालास आणि मी गप्प उभी राहिले. चूक दोघांचीही. चोर कोणी नाही, आईला इथंच राहू दे.

तुझी,
वंदना

ता. क. काल घाईत उतरवताना तिच्या चार बांगड्या फुटल्या. जालन्याहून हिरव्या आण, माप दोन-सहा. तूच आण आणि सगळ्यांदेखत तूच तिच्या हातात दे. मी दिल्या तर ती पुन्हा लपूनच घालेल.

आणखी एक. आत्ता पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होते. आई जुबेदाभाभींकडं शेवयांना गेली आहे. उरलेल्या बांगड्या कपाटात, किल्ली माझ्याजवळ. खलबत्ता समोर ओट्यावर, कोरडा. दिवा लागला. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं, आणि घरभर आल्याचा वास. यंत्रातच बिघाड असणार, तपासते. पण तू येशील तेव्हा, दादा, चारच्या आत पोच.