खोक्याची पाकळी उघडणारं यंत्र

बाबा, उद्या सकाळी मी गवत कापायच्या माझ्या यंत्राच्या पेटंटचा अर्ज भरायला जाणार आहे, आणि त्यावर सही करण्याआधी तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या यंत्राचं पेटंट माझ्यामुळे गेलं हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत, आई मात्र दर दोन महिन्यांनी दाखवायची. पण त्यातला एक भाग आईलाही माहीत नव्हता आणि तुम्हालाही नाही, निदान मी तरी तसं धरून चालले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढी वर्षं गप्प बसले, आता बास.

गाझियाबादचा तुमचा साबणाचा कारखाना माझ्या अजून आधी नाकाला आठवतो, मग डोळ्यांना. रविवारी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचात आणि मी नाक दाबून तुमच्या मागे मागे फिरायची. साबणाची लांबच लांब लादी यंत्रातून बाहेर येतेय, तारेनं तिच्या वड्या पडतायत, ठशाखाली दबतायत, इथवर सगळं आपोआप. पुढे मात्र एका टेबलाशी वीसेक बायका बसल्यात आणि एकेक वडी हातानं खोक्यात घालतायत. चपटी आलेली खोकी उघडायची कशी, हीच काय ती अडचण. यंत्रानं उघडायला जावं तर मे महिन्यात पुठ्ठा कडक होऊन फाटायचा, पावसाळ्यात मऊ पडून दुमडायचा. तुम्ही देखभालीचे फोरमन, बिघडलेलं चालू करायचं एवढंच तुमचं काम. पण जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्या टेबलाशी जाऊन उभे राहायचात. एक बाई सगळ्यांत भराभर भरायची. "बहनजी, आप पहले उल्टा क्यों मोड़ती हैं?" असं तुम्ही तिला विचारलंत, तर ती हसून म्हणाली, "उल्टा मोड़ो तो सीधा खुलता है बाबूजी, और क्या!" झालं! त्या दिवसापासून आपल्या जेवणाच्या टेबलावर खोकीच खोकी. तिच्या अंगठ्याचं काम करणारं पोलादी बोट तुम्ही वर्षभरात तयार केलंत. खोक्याच्या तोंडाची पाकळी आधी उलटी वाकवायची, मग सरळ उघडायची. त्या बायकांना काढणार नाही, दुसऱ्या विभागात घेणार, हे मालकांकडून वदवून घेतल्याशिवाय तुम्ही ते यंत्र जोडलं नाहीत.

तेव्हा बाहेरची यंत्रं नुकती सहज मिळू लागली होती. मालक गुळगुळीत कागदांवरची परदेशी चित्रं दाखवून म्हणायचे, "अब तो सब बाहर से आ जाएगा, आप क्यों सर खपाते हैं?" तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "येऊ दे. त्या यंत्रांना आपला मे महिना कुठे ठाऊक आहे?" पेटंट मिळालं की नोकरी सोडायची, स्वतःची शेड टाकायची आणि ही यंत्रं बनवून विकायची, हे तुमचं पक्कं होतं. मालकांनीही यंत्रावर तुमचाच हक्क, असं लिहून दिलं होतं. अर्जाचे कागद तयार होते. फक्त अजून एक उन्हाळा यंत्र बंद दाराआड चालवून बघायचं, म्हणून तुम्ही थांबला होतात.

आणि मध्ये आला आपल्या तिथल्या मराठी मंडळाचा गणपती. मंडळाचे सेक्रेटरी काका मला सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गं, तुला मराठी लिहिता येतं का, की नुसतंच 'अच्छा यार, चलो यार'?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं थांबा, दाखवतेच. मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्या यंत्रावर लेख लिहायचा आणि तुम्हाला चकित करायचं असं मी ठरवलं. रोज जेवताना मी तुम्हाला एकेक शब्द विचारायची, फ्लॅपला मराठीत काय म्हणतात, वडी खोक्यात घालायला हे पुढे जातं त्याला काय म्हणतात. तुम्ही इतके खूश व्हायचात, बाबा! दिल्लीत वाढलेली पोरगी मराठी शब्द मागतेय, म्हणून वरणभात निवत ठेवून समजवायचात. पाकळी, दट्ट्या, खाच, सगळं. यंत्राचं चित्र मी तुमच्या वहीतल्या पानाखाली कार्बन ठेवून उतरवलं. विचारलं नाही, विचारलं असतं तर गंमत काय राहिली असती!

स्मरणिका हातात आली तेव्हा तुम्ही मांडवात उभ्या उभ्या लेख वाचलात. दोनदा वाचलात. मग म्हणालात, "छान लिहिलंयस. पण दट्ट्या वडी ढकलत नाही, सरकवतो. ढकलली तर कोपरा मोडेल." एवढंच. ती काय भानगड होऊन बसली आहे हे तुमच्याही लक्षात आलं नाही. आपल्या लोकांत स्मरणिका वाचतं कोण? आपापलं नाव छापलंय का बघायचं आणि माळ्यावर टाकायची. पण मागच्या पानांवर जाहिराती असतात, आणि जाहिरात देणाऱ्याला एक प्रत घरपोच जाते. साहिबाबादच्या एका खोकीवाल्याला ती गेली. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, चित्र मात्र बरोब्बर कळलं. पुढे तुम्ही अर्ज केलात तेव्हा त्यानं हरकत घेतली आणि सोबत माझा लेख जोडला. अर्जाच्या आधीच जे छापून आलंय ते नवीन कसलं?

वकील आपल्या घरी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मी स्वयंपाकघरात चहा गाळतेय आणि कान बाहेर आहेत. "बस इतना लिख दीजिए कि बच्ची ने बिना पूछे छपवा दिया," ते म्हणतायत, "क़ानून में इसकी छूट है. आपका केस बच सकता है." ते गेल्यावर आई म्हणाली, "लिहून टाका ना! पोरीला काय फासावर चढवणार आहेत?" तुम्ही म्हणालात, "तिनं मराठीत लिहावं म्हणून मी आयुष्यभर तिच्या मागे लागलो. शब्द मी दिले. आता संमती नव्हती असं कुठल्या तोंडानं लिहू? आणि आपल्याच पोरीला सरकारी कागदावर चोर ठरवू?" आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

अर्ज नामंजूर झाला. त्या खोकीवाल्यानं तुमचं पोलादी बोट बनवलं, मग आणखी चौघांनी बनवलं. तुम्ही निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात बिघडलेलं चालू करत राहिलात. शेड राहिलीच. मला तुमचा राग यायचा. एवढं कसलं तत्त्व घेऊन बसायचं, असं मी लग्नानंतरही तुम्हाला तोंडावर सुनावलंय. तुम्ही नुसते हसायचात. ते हसणं आठवलं की मला आज स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

ती शेड मी टाकलीय, बाबा. छोटी आहे, पत्र्याची, उन्हाळ्यात आत माणूस भाजून निघतो. नव्या सोसायट्यांमधून हिरवळी आल्या, आणि आमच्या माळ्याचं यंत्र सकाळच्या ओल्या गवतात दर दहा पावलांवर अडकायचं. मी त्याच्या मागे मागे फिरले, नाक न दाबता. माझ्या यंत्रात पात्याच्या पुढे एक फणी आहे. ती गवत आधी उलटं झोपवते, ते उसळून वर येतं आणि मग कापलं जातं. कुणाकडून शिकले हे सांगायला नको. सोसायटीचे सेक्रेटरी झेंडावंदनाला सगळ्यांसमोर चालवून दाखवा म्हणून हटून बसले होते. मी म्हटलं, बिल्कुल नाही, आधी अर्ज. दुधानं तोंड पोळलंय माझं. हरकत आली तर लढेन, फेटाळला तर फणी सुधारून पुन्हा भरेन. सोडणार मात्र नाही. आणि वरील सर्व मजकूर खरा आहे, असं लिहिलंय तिथं खाली माझी सही लागणार आहे. तिथंच माझा हात दोन दिवस अडलाय.

वकील येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही सकाळच्या पाळीला निघालात आणि एक पाकीट माझ्या हातात दिलंत. "वकिलांना पाठवायचंय. कॉलेजातून येताना रजिस्टर कर. उघडंच आहे, चिकटव." मी पोस्टातल्या बाकावर बसून ते वाचलं. वरचा कागद तुमचा होता, तुमच्या वळणदार अक्षरात, 'संमती नव्हती असं मी लिहून देणार नाही' म्हणून. त्याच्या खाली वकिलांनी टाईप केलेला दुसरा कागद होता, माझ्या नावाचा. 'मी हा मजकूर वडिलांना न विचारता छापायला दिला.' खाली सहीपुरती जागा मोकळी. दोन्ही कागद तुम्ही एकत्र ठेवले होते. माझ्याविरुद्ध तुम्ही लिहिणार नव्हतात, पण मला खरं लिहायचं असेल तर तुम्ही अडवणारही नव्हतात. मी अठरा पूर्ण केली होती, पेन दप्तरात होतं, आणि त्या कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. पण मंडळात सगळे मला लेखिकाबाई म्हणायला लागले होते, सही केली असती तर तिथं चोर ठरले असते. मी माझ्या नावाचा कागद काढून घेतला, पाकीट चिकटवलं आणि रजिस्टर केलं.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "टाकलंस?" मी हो म्हटलं. "सगळं?" मी म्हटलं, "हो, सगळं." तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि चहा मागितलात.

हे पत्र कुठल्याही पोस्टात टाकायचं नाही, हे माझ्या सोयीचंच आहे. एवढ्या वर्षांत मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी पोस्टातून बाहेर पडताना मला रडू येत होतं. नाही, बाबा. मला हायसं वाटलं होतं.