रांजणाचं गुप्त पुण्य

३ एप्रिल, सकाळ
पुढारी विजयसिंहांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आपल्या कळंबच्या एसटी थांब्यावर लागला. शुभेच्छुकांत अर्धं गाव. माझा फोटो नाही. पानटपरीवाल्या सर्जेरावाचा आहे, तोही गॉगल लावून. नक्की त्यानेच माझा काढायला लावला असणार.

ठरलं. प्रसिद्धी सोडली. यापुढे फक्त आतला सद्गुण. थांब्यावरचा पाण्याचा रांजण रोज मी भरणार, गुपचूप. बायकोलाही सांगणार नाही. इंदिराला सांगणं म्हणजे गावाला सांगणं.

४ एप्रिल, दुपार
प्लॅन पहाटेचा होता. जाग आठला आली. दुपारी गाव झोपल्यावर गेलो. रांजण आधीच भरलेला. तरी घरून नेलेला तांब्या ओतला. मन प्रसन्न. कुणीही पाहिलं नाही. एकानेसुद्धा नाही.

८ एप्रिल
ऊन फार. चार दिवस गेलो नाही. सद्गुण आत असतो, उन्हात नसतो.

टपरीवर म्हातारे आप्पासाहेब म्हणाले, पाणी लई गार हाय, भरणाऱ्याचं भलं होवो. मी नम्रपणे मान खाली घातली. मग डोक्यात आलं, मी भरलं नाही तर भरलं कोणी? सर्जेराव गालात हसत होता. माझं पुण्य लाटतोय.

९ एप्रिल, दुपार
पाळत ठेवली. तांब्या घेऊन फ्लेक्सच्या मागे उकिडवा बसलो. सर्जेराव रांजणाकडे फिरकला नाही. पक्का आहे.

१० एप्रिल, सकाळ
गावच्या ग्रुपवर माझा फोटो. उकिडवा, हातात तांब्या. खाली सर्जेरावाने लिहिलंय, श्रीपादराव, गाव हागणदारीमुक्त हाय, घरी संडास हाय न्हवं?

नाइलाज झाला. लिहिलं, मी तिथे रांजण भरायला जातो, प्रसिद्धी नको म्हणून बोललो नाही.

लगेच त्याचं उत्तर. काय राव, रांजण तर पाडव्यापासनं रोज पहाटं इंदिरावहिनी भरत्यात. समद्यांना ठावं हाय.

खाली अंगठेच अंगठे.

१० एप्रिल, दुपार
इंदिराला विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, त्यात सांगायचं काय? तुमी तवा झोपलेलं असता.

शरम वाटली. साऱ्या गावाला माहीत, मलाच नाही. म्हटलं, माझाही एक तांब्या होता त्यात.

ती म्हणाली, तांब्या घेऊन जाताना बघितलं म्या. मला वाटलं पोट बिघडलंय. चारचौघांत कशाला बोलायचं, म्हणून गप बसले.

ताटात मऊ दहीभात होता. मुकाट्याने जेवलो.