अटीसह अभिनंदन

१ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन डायरी. ही डायरी फक्त माझ्यासाठी, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

इंग्लंडच्या विद्यापीठाचा ई-मेल आला. आंतरराष्ट्रीय विकास या विषयात पुढच्या शिक्षणासाठी माझी निवड, वर शिष्यवृत्ती. खाली बारीक अक्षरात एक अट: इथल्या एम.ए. समाजशास्त्राचा प्रबंध जूनअखेर जमा केलेला असावा. याला काय अट म्हणायचं! सहा महिने आहेत. खरं तर तीन पुरतात, पण मला घाई आवडत नाही.

घरी फक्त निवड झाल्याचं सांगितलं. अट ही तांत्रिक बाब आहे. माय-बाबांना उगाच घोर कशाला?

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन पानं लिहिणे.

२ जानेवारी, सकाळी ९.४०

आत्ताच उठलो. थंडी फार. पाचऐवजी सहा ठेवू.

६ जानेवारी

आमच्या पिंगळी गावाच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला. बाबांचे मित्र किशनराव, माजी उपसरपंच, यांनी परस्पर करून आणला. 'परदेशात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल चि. आदिनाथ दत्तराव यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटो बारावीच्या हॉल तिकिटावरचा, मोठा केलेला, त्यामुळे गालावर शिक्क्याचा अर्धा गोल आलाय. मागे विमान आणि एक पूल. पूल बहुधा दुसऱ्याच देशातला.

बाबा दूध घालून येताना तिथं थांबतात आणि मान वर करून बघत राहतात. शेजारी कुणी उभं राहिलं की सांगतात, पोरगं हाय आपलं. जसं काही गावाला माहीतच नाही.

म्हटलं, आता अटीचं सांगून टाकावं. अर्धं वाक्य बोललोही. बाबा म्हणाले की कागदपत्राचं हळूहळू होतंय. ते खरंच आहे.

१४ जानेवारी

बबिता मॅडमना भेटलो. त्या माझ्या गाइड. प्रबंधाचं नाव ऐकवलं: 'लाभार्थी बोलतो तेव्हा: परभणी जिल्ह्यातील मेंढपाळ कुटुंबे, परदेशी निधीच्या विकास योजना आणि ऐकण्याचे राजकारण'. मॅडम म्हणाल्या, नाव लांब आहे, पण चालेल. आता गावोगाव जा, लोकांकडे बसा, त्यांचं ऐका. वीस मुलाखती आणा, बाकी आपण बघू.

वीसच? माझी तयारी चाळीसची होती.

२० जानेवारी

पहिलं फील्डवर्क. पेडगाव. प्रश्नावली, रेकॉर्डर, टोपी, पाण्याची बाटली, सगळं सज्ज.

पारावर टेकलो तोच एकाने ओळखलं. फ्लेक्सचा फोटो म्हणे त्यांच्याकडेही मोबाइलवर फिरलाय. मग खुर्ची आली. मग सतरंजी आली. मग टॉवेल, टोपी आणि नारळ. सत्कार झाला. दोघांची भाषणं झाली. मला 'दोन शब्द' बोलायला लावले, ते जरा लांबले. चहा झाला. तोवर मेंढ्यावाले मेंढरं घेऊन रानात निघून गेले होते.

मुलाखती: शून्य. पण लोकांशी नातं जुळलं. आमच्या विषयात याला फार महत्त्व आहे.

९ फेब्रुवारी

पुन्हा पेडगाव, यावेळी दुसरी वस्ती. पुन्हा टॉवेल, टोपी, नारळ. मी हात जोडून सांगितलं की मी सत्कार घ्यायला नाही, ऐकायला आलोय. त्यांना ते फार आवडलं. टाळ्या वाजवल्या आणि एक शाल वाढवली.

२५ फेब्रुवारी

प्रत्येक वस्तीवर तोच सत्कार, त्यामुळे घरात नारळांची रास लागली आहे. माय रोज खोबऱ्याचं काहीतरी करते. आज वड्या, काल चटणी, परवा भाजीत. दीपिकाने विचारलं की दादा, मुलाखती किती झाल्या? मी म्हणालो, संशोधन असं मोजायचं नसतं. ती म्हणाली, मग नारळ मोजू का? धाकट्या बहिणीला समाजशास्त्रातलं काय कळणार? बीएस्सी करते.

आज प्रकरण एकचं शीर्षक बदललं. पूर्वीपेक्षा खूपच चांगलं झालंय.

११ मार्च

सत्कारावर उपाय सापडला. गावात जायचंच नाही, थेट रानात मेंढरांपाशी जायचं. पेडगावच्या सटवाजी आणि पार्वतीबाई या मेंढपाळ नवरा-बायकोचं नाव कळलं. फोन केला, उद्या येतो म्हणालो. या म्हणाले.

१२ मार्च

गेलो. शेतात नुसत्या लेंड्या. शेतमालक म्हणाला की खतासाठी मेंढरं बसवली होती, रात्री बसली, सकाळी उठून पुढच्याच्या वावरात गेली. पुढच्याच्या वावरात गेलो. तिथेही लेंड्या. सटवाजीला फोन लावला तर म्हणाला, 'या की सायेब, आमी हितंच हाव.' 'हितंच' म्हणजे कुठं, हे त्यालाही नीट सांगता येईना. संध्याकाळपर्यंत चालत होतो. चप्पल तुटली.

माझी संशोधनपद्धती आता 'फिरती' आहे असं प्रकरण तीनमध्ये लिहायचं.

३ एप्रिल

सापडले! ताडकळसच्या पुढे, एका कापूस उपटलेल्या रानात. मेंढरं सावलीला बसलेली, पार्वतीबाई भाकरी थापत होती. आजूबाजूला खुर्ची नाही, सतरंजी नाही, माईक नाही. पोटभर मुलाखत झाली. रेकॉर्डर गच्च भरला. निघताना पार्वतीबाईने त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची काळी घोंगडी दिली. म्हणाली, 'तिकडं लय थंडी असती म्हणत्यात. ऱ्हाऊ द्या जवळ.' नको म्हणवेना.

आता वेग घेतलाय. उरलेल्या एकोणीस अशाच होतील.

४ एप्रिल

रेकॉर्डिंग ऐकलं.

सुरुवातीला सटवाजी विचारतो की तिकडं मेंढरं कोण राखतं. तिथून पुढे सगळा माझाच आवाज आहे. इंग्लंडची मेंढरं, जागतिक निधी, विकासाची संकल्पना, आणि लाभार्थ्याचं आपण कसं ऐकतच नाही. लाभार्थी मधेमधे 'हाव', 'बरं' म्हणतो. एकदा मेंढी ओरडते. शेवटी पार्वतीबाई म्हणते, पोराला भाकरी द्या, घसा सुकला त्याचा.

दीपिकाने दारातून ऐकलं. मग दार हळूच ओढून घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ मे

ऊन भयंकर. या उन्हात फील्डवर्क करणं हा उत्तरदात्यांवर अन्याय होईल. पाऊस पडला की जाऊ.

धम्मदीपने प्रबंध जमा केला. आमच्याच वर्गातला, परभणीत बसस्टँडच्या मागे खोली करून राहतो. शीर्षक अगदीच साधं, चार शब्दांचं. मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि कुठे सुधारणा करता आली असती तेही सांगितलं.

२२ जून

ऋणनिर्देश पूर्ण! पाच पानं झाली. किशनराव, पेडगावचे ग्रामस्थ, टॉवेल-टोपीसकट सगळे आलेत. बाबांबद्दल लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. प्रबंधातलं हे सगळ्यात ताकदीचं लिखाण आहे. आता फक्त प्रबंध राहिला.

३० जून, दुपारी ४.१५

बबिता मॅडमना फोन केला. म्हटलं, मला थोडी मुदत मिळाली तर. मॅडमनी विचारलं की किती मुलाखती झाल्या. मी म्हणालो, एक, पण सखोल. मग म्हणाल्या की आदिनाथ, आता हे माझ्या हातात नाही.

वास्तविक त्यांनी रागवायला हवं होतं.

१७ जुलै

इंग्लंडचा ई-मेल. अट पूर्ण न झाल्यामुळे जागा आणि शिष्यवृत्ती पुढच्या उमेदवाराला दिली. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

विचार केला तर हेच माझ्या प्रबंधाचं सूत्र आहे. श्रीमंत देश आधी आशा दाखवतात, मग अटी घालतात. त्यांनी माझं म्हणणंच सिद्ध केलं. हा मुद्दा प्रकरण चारमध्ये घ्यायचा.

जेवण गेलं नाही. मायने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

६ ऑगस्ट

किशनरावांनी निरोप समारंभाची तारीख ठरवली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बँड सांगितलाय.

दीपिकाने आज मागच्या अंगणात गाठलं. तिने ई-मेल वाचलाय. माझा लॅपटॉप ती प्रॅक्टिकल लिहायला घेते, हे मी विसरलो होतो.

'दादा, बाबाला तू सांगतूस का मी सांगू?'

मी म्हणालो, मीच सांगणार, योग्य वेळ बघून. ती म्हणाली की फ्लेक्स लागला तेव्हाच ती वेळ होती.

१९ ऑगस्ट

सांगायचंच असं ठरवून रानात गेलो. बाबा सोयाबीनमध्ये होते. वाक्य पाठ केलं होतं: बाबा, माझं जाणं रद्द झालंय.

मला बघून ते बांधावर येऊन बसले. म्हणाले, ताडकळसच्या बाजारात आज समद्यांनी तुझंच विचारलं. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मला बँकेतला कागद भराया दुसऱ्याचा हात लागतो. आन् तू इंग्रजायच्या देशात जाऊन लिवणार.'

मी म्हणालो, बाबा, पाणी पिऊन घ्या. आणि तांब्या पुढे केला.

उद्या सांगतो.

३ सप्टेंबर

बाबांनी चाकांची बॅग आणली. मायने त्यात खोबऱ्याच्या वड्या भरल्या. घोंगडी वर बांधली. बॅग भरली गेली म्हटल्यावर आता सांगणं बरं दिसत नाही.

नवी योजना: धम्मदीपच्या खोलीवर राहायचं. तिथं वर्षभर मान मोडून प्रबंध लिहायचा, पुन्हा अर्ज करायचा आणि परस्पर निघून जायचं. म्हणजे कुणाला कळायचं कारणच नाही. गावाचं गणित एका वर्षाने चुकेल, बस.

४ सप्टेंबर

पिंगळी स्टेशनवर बँड, हार, पेढे. किशनराव बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले. पॅसेंजर उशिरा आली, म्हणून अजून दोघं बोलले. दीपिका स्टेशनवर आली नाही. पोट दुखतंय म्हणाली. बाबांनी खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, आत्ता सांगावं. गाडी हलली.

परभणीला उतरलो. धम्मदीप न्यायला आला होता. बॅगेकडे बघून म्हणाला, चल. चांगला माणूस आहे.

८ सप्टेंबर

नियम: घरून फोन आला की आधी खिडकी लावायची, कारण बाहेरच बसस्टँड. बाबा रोज फोन करतात. माझा नंबर तोच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी सांगतो की थंडी आहे, घोंगडी कामाला आली. इथं घामाने अंग चिकटतंय. घोंगडी खाली अंथरली आहे, म्हणजे कामाला आलीच आहे.

प्रकरण एकचं शीर्षक पुन्हा बदललं.

१२ सप्टेंबर

लाइट गेली होती. पंखा बंद, खिडकी सताड उघडी. बाबांचा फोन आला आणि मी सवयीने उचलला. बर्फाबद्दल बोलत होतो. तेवढ्यात स्टँडवरचा कंट्रोलर भोंग्यातून ओरडला की ताडकळस गाडी लागली आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं.

मी धावत जाऊन खिडकी लावली. बाबा मग म्हणाले,

'ताडकळसची हाय नव्हं? त्याच गाडीत बस. पिंगळी फाट्यावर उतर. मी येतो न्यायला.'

आवाज चढला नव्हता. चढला असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

१३ सप्टेंबर

काल फाट्यावर उतरलो. फ्लेक्स नव्हता, नुसते बांबू होते. बाबांनी बॅग माझ्या हातातून घेतली आणि घरापर्यंत स्वतः ओढत आणली. मातीत चाकं फिरेनात. मी दोनदा मागितली, दिली नाही.

फ्लेक्स शेळ्यांच्या छपरावर टाकलाय, छपाईची बाजू आत. खाली उभं राहून वर बघितलं की मी दिसतो. मायने ताट वाढलं. ताटात खोबऱ्याची चटणी होती.

किशनराव चौकशीला आले. मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, सुट्टीला आलाय.

आयुष्यात बाबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. वाईट बोलतात. अडखळले.

१५ सप्टेंबर

परदेशातून प्रथमच गावी आल्याबद्दल सत्कार. पार, खुर्ची, सतरंजी, माईक. टॉवेल, टोपी, नारळ. किशनरावांनी मला 'तिकडचे अनुभव' सांगायला लावले. मी उठलो. पहिल्यांदाच मला दोन शब्द सुचेनात. 'लोकांचं ऐकून घ्यायला पाहिजे' एवढंच म्हणालो आणि बसलो. टाळ्या झाल्या.

बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. फ्लेक्ससमोर उभे राहायचे तेव्हा त्यांची मान वर असायची. आज तेही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच, खाली बघून.