टाकांमधलं नाणं

१८ ऑगस्ट १९९०, अहमदी
भर दुपारी हारवुड साहेब मागच्या दाराने आले. इराकने इथला ताबा घेऊन दोन आठवडे झाले, आता त्यांचे सैनिक इंग्रजांना घराघरांतून नेतायत. मुठीतलं नाणं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "मी येईपर्यंत सांभाळ, चंद्रहास. पुसू मात्र नकोस."

हे मला सांगायचं! दर शुक्रवारी त्यांच्या व्हरांड्यात बिनसाखरेचा चहा, आणि भिंगाखाली हेच नाणं. तेराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली चांदी, शर्टाच्या बटणाएवढी. त्यावर मान वळवून मागे बघणारा पक्षी. त्यांच्या वडिलांना नांगरलेल्या शेतात सापडलेलं. वरचा काळा थर हेच त्याचं वय, म्हणायचे. माझ्या बायकोचा, मुक्ताचा, चिवडा खात तेच तेच सांगायचे, मीही दर वेळी नव्याने ऐकायचो. काय दिवस होते!

१९ ऑगस्ट
नेलं त्यांना. मुक्ता हॉस्पिटलातली नर्सची ड्युटी संपवून आली ती एकच विचारत — इन्शुलिन बरोबर घेतलं का त्यांनी? मला कुठे माहीत!

२ सप्टेंबर
घराची झडती. रेडिओ गेला, मुक्ताच्या बांगड्या गेल्या. नाणं देवघरात, कुलदैवतांच्या टाकांमध्ये ठेवलं होतं. सैनिकाने वाकून पाहिलं आणि पुढे गेला. वाचलं!

ओळखीचे सगळे मायदेशी परतायला अम्मानच्या वाटेला लागले. मुक्ताचा पाय वॉर्डातून निघत नाही. मग मीही इथेच.

१५ ऑक्टोबर
दिवाळी तीन दिवसांवर. घरी येतो तर देवघर लखलखतंय.

"अहो, देव घासताना तेही घासलं चिंचेने. केवढं काळं पडलं होतं!"

पक्षी आहे, पण नव्या वाटीसारखा चकाकतोय. तिला मी बजावलंच नव्हतं. चूक माझी, आणि ओरडलो तिच्यावर. दोघंही जेवलो नाही.

१० डिसेंबर
ओलीस सुटले म्हणे! आनंद झाला. मागोमाग धास्ती — आता साहेब नाणं मागतील. स्वतःचीच लाज वाटली.

८ मार्च १९९१, शुक्रवार
इराकी पळताना पेटवून गेले त्या तेलविहिरी जळतायत, दुपारीही दिवा लावावा लागतो. सवयीने तिसरा कप ओतला, बिनसाखरेचा.

२२ नोव्हेंबर
हारवुड साहेब आले. बहिणीचा हात धरून. कैदेत औषधाचे हाल झाले, दोन्ही डोळे गेले. मी नाणं हातात दिलं. अंगठ्याने त्यांनी पक्षी शोधला. मुक्ता चिवड्याची बशी घेऊन दारातच थांबली.

"अजून तसंच काळं आहे ना?"

मी हो म्हणालो.