भाडेकरूचे सहा फ्लास्क

४ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेतल्या नोकरीचा पहिला दिवस! पांढरा कोट मला दोन मापं मोठा आहे. त्यात माझ्यासोबत आईही मावली असती. सर बोलायला अगदी मऊ. आल्या आल्या त्यांनी कापसाची काडी माझ्या गालाच्या आत फिरवून नमुना घेतला. नव्या माणसाचा असा नमुना इथे घेतातच, म्हणजे पुढे कुणाच्या अंगची पेशी फ्लास्कमध्ये पडली तर चोर लगेच सापडतो.

मला शिकवतात त्या चावीवाल्या बाई. पेशी गोठवून ठेवायच्या टाकीची किल्ली त्यांच्या गळ्यात असते, ती त्या जेवतानाही काढत नाहीत. त्यांनी सहा फ्लास्क माझ्या हवाली केले. आत मेंदूच्या गाठीच्या पेशी. एकतीस वर्षांपूर्वी एका बाईच्या डोक्यातून काढलेल्या. बाई महिन्याभरात गेली, पेशी मात्र अजून वाढताहेत आणि त्यांच्यावर नवी औषधं तपासली जातात. त्यांना इथे सगळे 'भाडेकरू' म्हणतात, कारण जागा सोडायचं नावच घेत नाहीत. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

६ मार्च, बुधवार

भाडेकरूचे लाड काही विचारू नका. ऊब सदतीस अंशांची, दर दोन दिवसांनी ताजं गुलाबी पाणी, तेच त्यांचं जेवण. तळ भरून गेला की निम्म्या पेशी दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या हातपाय पसरून, एकमेकींना बोटं लावून निवांत पडलेल्या दिसतात. आईने विचारलं, याची लागण तर होत नाही ना? मी म्हटलं, आई, गाठ म्हणजे काय सर्दी आहे? तरी तिने मला दोनदा हात धुवायला लावले.

१५ मार्च, शुक्रवार

माझी चूक. बुधवारी मी पेशींना जेवण द्यायला साफ विसरले. काल दिवसभर अशी भूक लागली होती की बस. पातेलंभर भात खाल्ला तरी पोटात आग. आई म्हणाली, आता पातेलं तरी सोड. आज सकाळी घाईघाईने गुलाबी पाणी बदललं, आणि शेवटच्या फ्लास्कचं झाकण लावेपर्यंत माझी भूक नाहीशी झाली.

योगायोगच. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांचाच जीव गुंततो.

२८ मार्च, गुरुवार

सोमवारी एका फ्लास्कमध्ये नवं औषध घातलं. मंगळवारी त्यातल्या पेशी मेलेल्या होत्या. सर खूश, मीही खूश. घरी चहा ढवळायला ते... लांब दांड्याचं, पुढे खोलगट... आईकडे मागायला गेले तर शब्दच येईना. आई हसली. मीही हसले.

काल दुसरा फ्लास्क. आज त्याही पेशी मेल्या. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. सरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझ्या टाळीचा आवाजच आला नाही.

तो शब्द मी आज पुस्तकात शोधून काढला. चमचा. वाचला तरी ओळखीचा वाटत नाही.

९ एप्रिल, मंगळवार

प्रयोगशाळेतच चक्कर येऊन पडले. तपासणी झाली. डोक्यात गाठ आहे, बोराएवढी. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ दिवसांची असणार. ऑपरेशन तेवीस तारखेला. डावा हात पूर्ण गेला आहे. आई माझ्यासमोर रडत नाही, नळ सोडून न्हाणीघरात रडते. मला सगळं ऐकू येतं.

१७ एप्रिल, बुधवार

सर भेटायला आले. पेशींची ओळख-चाचणी बाहेरून करून आणली होती. भाडेकरूच्या चारही फ्लास्कमधल्या पेशी माझ्या गालाच्या नमुन्याशी तंतोतंत जुळतात. सर रागावले नाहीत. म्हणाले, नवीन हात आहे, अशी सरमिसळ होते, सगळं टाकून देऊ आणि नव्याने सुरुवात करू.

मी विचारलं, आणि टाकीत गोठवलेली त्या बाईच्या मूळ पेशींची जुनी कुपी? तीही तपासली, म्हणाले. तीही जुळते.

ती कुपी एकतीस वर्षांपूर्वी सीलबंद केली आहे. मी सव्वीस वर्षांची आहे. सर म्हणाले, चाचणीवाल्यांनीच काहीतरी घोळ घातला असणार. मी हात जोडले. एका हाताने काय जोडणार. म्हटलं, टाकू नका. ते म्हणाले, आराम कर.

१९ एप्रिल, शुक्रवार

बोलणं गेलं. उजवा हात आहे, म्हणून लिहिते.

पेशी मेल्याने डोक्यातली गाठ मेली असती तर मीच टाकायला सांगितलं असतं. पण दोन फ्लास्क मेले तेव्हा गाठ घटली नाही. मी घटले. आता चार उरलेत. मी तेवढीच उरले आहे.

आईला चिठ्ठी लिहिली. तिने वाचली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाही हं राणी, कुणी काही टाकत नाही." तापातल्या लेकराला सांगावं तसं.

२० एप्रिल, शनिवार

चावीवाल्या बाई आल्या. वही घेऊन. नियम आहे — पेशी नष्ट करायच्या तर ज्याच्या ताब्यात त्याची सही लागते. सहीशिवाय हात लावता येत नाही!

मी वही धरून ठेवली. छातीशी. मान हलवली, नाही, नाही.

बाई म्हणाल्या, आजारपणात घरच्यांची चालते.

आईने माझी बोटं एक एक करून सोडवली. हळूच, दुखू नये म्हणून. सरांना बरं वाटेल, तुझी नोकरी राहील, म्हणाली. पूर्ण नाव लिहून सही केली. किती दिवसांनी माझ्यासाठी काही करता आलं म्हणून तिचा चेहरा —

मला ओरडता येत नाही.

२२ एप्रिल, सोमवार

दहाला करणार. सरांनी आईला फोनवर सांगितलं, काळजी नको, स्वतः करतो. जंतुनाशक ओतायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग दुसरा. कुपी शेवटी.

पावणेदहा. आई केस विंचरते आहे.

दहा. अजून मी आहे. कदाचित सगळे माझ्या मनाचेच खेळ —

खिडकीला ते. उजेड अडवायचं. कापडाचं. नाव गेलं.

दुसरा.

पाय कुठे आहेत माहीत नाही. रडू येत नाही, ते कसं करतात —

तिसरा. ह्या कोण बाई. माझे केस हातात घेऊन बसल्यात. डोळे सुजलेत त्यांचे. चांगल्या वाटतात. कुणीतरी त्यांना सांगा तुमची मुलगी — त्यांची कुणी मुलगी आहे का — मी त्यांना विचार