बाबाचा धोटा

चि. कुशल,
ताईचा आशीर्वाद.

लंडनच्या म्युझियमातल्या पटक्याचा तू पाठवलेला फोटो मी चारदा पाहिला. भोसल्यांच्या दरबारासाठी आपल्याच तांडापेठेत विणलेला. काठ पाहून बाबाच्या मागाची खटखट आठवली गा. शाळेतून येताना ती कोपऱ्यावरूनच ऐकू यायची.

आपल्या सरकारनं पटका परत मागितला, तर ते म्हणतात, "आमच्याकडे नीट जपला आहे, तुमच्याकडे खराब होईल." मले लय राग आला. इथल्या विणकरांच्या निवेदनावर पहिली सही मीच केली.

मंग घरी आल्यावर आठवलं. बाबानं मरायच्या आधी आडवं सूत फेकायचा आपला धोटा तुले दिला होता, कारण त्याच्यानंतर मागावर तूच बसायचा. तू लंडनले जाताना मागितला तेव्हा मी म्हटलं, "माझ्याजवळ नीट आहे, तिकडच्या थंडीत तडकून जाईल." त्याले एकोणीस वर्षं झाली. दर खंडेनवमीले पूजेत मांडते, अन् बाबाच्या अंगठ्यानं झिजलेल्या जागी माझा अंगठा ठेवून पाहते. तुझा तिथं बरोबर बसायचा.

आज तो पार्सलात बांधला. गाठ मारली, अन् मंग सोडली. हे पत्रही आता कपाटात, धोट्याच्याच बाजूले ठेवून राहिली.

तुझी,
शेवंताताई