अश्विनीसाठी केलेलं मशीन

दादा,

भाकरी टोपल्यात हाय, कालवण तापवून घे. अश्विनीला घेऊन मी बेलापूरला आत्याकडं चाललोय. उद्या येऊ.

कोपरगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं जुनं मशीन तू टेम्पोत घालून आणलंस आणि मी घरी बनवत होतो ते भंगार म्हणून गोठ्यात टाकलंस. त्या भंगाराला बटणाच्या जागी शिलाई मशीनचं पायडल का लावलंय, एवढं तरी विचारायचं. तुझ्या मशीनला दांडा डाव्या हाताला, बटणं उजव्या हाताला. आणि सगळ्यांदेखत पोरीला म्हणालास, "खेळ की, लाजतेस काय?"

लेकीचा डावा हात जन्मापासून लुळा हाय, हे बापाला चुलत्यानं सांगायचं का?

आज घरात कुणी न्हाई. डावा हात खिशात घाल आणि खेळून बघ.

भीमराज